घरच्या कॅसेटची डीव्हीडी करताना चित्र का फुटतं, का थरथरतं आणि का अडकतं

विचारलेला प्रश्न थोडक्यात असा. आई-वडिलांच्या लग्नाची व्हीएचएस कॅसेट, धाकट्या भावाच्या मुंजीची मिनी डीव्ही कॅसेट आणि लक्ष्मी रोडवर मोबाईलवर घेतलेली विसर्जन मिरवणूक, असं सगळं मिळून अडीच तासांचं चित्रण एका डीव्हीडीवर घेतलं. लॅपटॉपवर पाहिलं तर हलणाऱ्या माणसांच्या कडांना आडव्या रेघा दिसतात. टीव्हीवर लावलं तर अक्षता पडताना चित्राचे चौकोन होतात, मुंजीतला मुलगा चालायला लागला की थरथरतो आणि शेवटची मिरवणूक मधेच अडकते. तीन वेगवेगळ्या कंपन्यांच्या कोऱ्या डिस्क वापरून पाहिल्या, फरक पडला नाही. मग चांगली डिस्क कोणती आणि चांगलं सॉफ्टवेअर कोणतं?

डिस्क बदलत बसू नका. तुमच्या एका डीव्हीडीत निदान तीन वेगळे दोष आहेत आणि ते तीन वेगळ्या टप्प्यांवर शिरलेले आहेत. कॅसेट वाजवणं, कॅप्चर (ते चित्र संगणकात घेणं), एन्कोडिंग (फाइल दाबून लहान करणं), मेन्यू वगैरे लावून ऑथरिंग, बर्निंग (डिस्कवर लिहिणं) आणि शेवटी प्लेअर, या साखळीत दोष कुठे शिरला हे त्याच्या रूपावरून आणि जागेवरून बऱ्यापैकी ओळखता येतं. ते ओळखल्याशिवाय पुन्हा बर्न केलं तर तोच दोष नव्या डिस्कवर जातो, एवढंच होतं.

पहिली परीक्षा अगदी सोपी आहे. बर्न करण्याआधी तयार झालेलं व्हिडिओ टीएस फोल्डर हार्ड डिस्कवरून थेट व्हीएलसी या व्हिडिओ प्लेअरमध्ये चालवा. ते गेलं असेल तर डीव्हीडीवरच्या फाइली संगणकावर कॉपी करून घ्या. कॉपी होताना मधेच गती मंदावली, ड्राइव्ह घरघर करायला लागला किंवा एरर आली, तर दोष बर्निंगचा किंवा डिस्कचा. कॉपी विनातक्रार झाली आणि हार्ड डिस्कवरही त्याच मिनिटाला तेच चौकोन दिसले, तर दोष आधीचा आहे, डिस्क निर्दोष आहे. हार्ड डिस्कवर सगळं स्वच्छ आणि फक्त दिवाणखान्यातल्या प्लेअरवर अडचण, तर प्लेअरची लेन्स किंवा बिटरेट, म्हणजे सेकंदाला वाचावा लागणारा डेटा, तपासायचा. यासोबत एक निरीक्षण वहीत लिहून ठेवा: बिघाड दर वेळी त्याच सेकंदाला होतो की जागा बदलतो? त्याच सेकंदाला होत असेल तर तो फाइलमध्येच आहे. जागा बदलत असेल तर तो वाचताना होतो आहे.

आता लॅपटॉपवरच्या रेघा. यावर मी जरा थांबतो, कारण घरगुती डीव्हीडी बहुतेक वेळा इथेच बिघडतात आणि बिघडतात त्याही दुरुस्ती करण्याच्या नादात.

आपल्याकडची व्हीएचएस आणि मिनी डीव्ही पाल या टीव्ही-पद्धतीची. तिच्यात सेकंदाला २५ फ्रेम असतात, पण प्रत्येक फ्रेम दोन फील्डची बनलेली असते. एका फील्डमध्ये सम क्रमांकाच्या रेघा, दुसऱ्यात विषम. ही दोन फील्ड एकाच क्षणी घेतलेली नसतात, त्यांच्यात सेकंदाच्या पन्नासाव्या भागाचं अंतर असतं. जुना काचेचा टीव्ही ती एकामागून एक दाखवायचा, म्हणून हालचाल सेकंदाला ५० पायऱ्यांची, गुळगुळीत दिसायची. संगणकाचा पडदा दोन्ही फील्ड एकदम दाखवतो. मधल्या काळात हात पुढे सरकलेला असतो, म्हणून त्याच्या कडेला फणीच्या दात्यांसारख्या रेघा दिसतात. हा दोष नाही. व्हीएलसीमध्ये डीइंटरलेस, म्हणजे दोन फील्डचं चित्र सलग करण्याची सोय, सुरू केलं की रेघा जातात, आणि टीव्हीला जोडलेला डीव्हीडी प्लेअर किंवा टीव्ही स्वतः हे काम करतोच.

पण लॅपटॉपवर रेघा दिसल्या की लोक घाबरतात आणि एडिटिंगमध्ये डीइंटरलेसवर टिक करून मोकळे होतात. त्यामुळे ५० पायऱ्यांच्या २५ होतात, हालचाल कायमची तुटक होते, बारीक तपशील निम्मा जातो आणि ते परत मिळत नाही. डीव्हीडीसाठी फाइल करताना इंटरलेस, म्हणजे असं दोन फील्डचं, चित्र इंटरलेसच ठेवा. डीव्हीडी याच चित्रासाठी बनलेली आहे: पालमध्ये ७२० × ५७६, सेकंदाला २५ फ्रेम, ५० फील्ड.

मुंजीची थरथर मात्र खरा दोष आहे, आणि त्याचं कारण फील्ड ऑर्डर. कोणतं फील्ड आधी आणि कोणतं नंतर, हे फाइलला सांगावं लागतं. मिनी डीव्हीत खालचं फील्ड आधी असतं. बऱ्याच कॅप्चर कार्डांवरून घेतलेल्या चित्रात वरचं आधी असतं. तुम्ही एकाच टाइमलाइनवर दोन्ही ठेवलीत आणि सगळ्या प्रोजेक्टला वरचं फील्ड आधी असं दिलंत, तर मुंजीच्या भागात हालचाल दोन पावलं पुढे, एक पाऊल मागे अशी दिसणार. लक्षण नेमकं आहे: माणूस स्थिर असताना चित्र उत्तम, बटू भिक्षेला चालायला लागला की थरथर. माणसं स्थिर असतानाही पूर्ण चित्र हलत असेल तर ते फील्ड ऑर्डरचं प्रकरण नाही, तो कॅसेटचा किंवा डेकचा, म्हणजे कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचा, दोष आहे.

खात्री करायला डिस्क वाया घालवायची गरज नाही. चित्रात कुणी डावीकडून उजवीकडे जातं असा तुकडा निवडा, व्हीएलसीत डीइंटरलेसचा प्रकार बॉब किंवा याडिफ दोन एक्स असा ठेवा आणि पाहा. क्रम चुकलेला असेल तर थरथर तिथेच दिसेल. उपाय एडिटिंगच्या सॉफ्टवेअरमध्ये त्या क्लिपच्या गुणधर्मांत खालचं फील्ड आधी असं बरोबर नोंदवणं हा आहे. आणि मिनी डीव्ही शक्यतो वेगळ्या प्रोजेक्टमध्ये घ्या, वेगळी एन्कोड करा. एकाच डीव्हीडीवर एक भाग वरचं फील्ड आधी आणि दुसरा खालचं आधी असला तरी चालतं, प्रत्येक भागाची नोंद बरोबर असली म्हणजे झालं.

इथे दोन छुप्या चुका होतात. चित्र कापताना वरून विषम संख्येने रेघा कापल्या, समजा सात, तर फील्डचा क्रम उलटतो. कापायच्याच असतील तर सम संख्येने कापा. दुसरी चूक अशी की व्हीएचएसच्या तळाशी नाचणारी पट्टी घालवायला चित्र थोडं मोठं करतात. इंटरलेस चित्र उभ्या दिशेने ताणलं की दोन्ही फील्ड एकमेकांत मिसळतात आणि त्यातून धूसर, दुहेरी कडा तयार होतात. तळाची ती पट्टी म्हणजे व्हीसीआरमध्ये टेप वाचणाऱ्या एका हेडवरून दुसऱ्या हेडवर जाण्याची जागा. ती प्रत्येक व्हीएचएस कॅसेटमध्ये असते, आणि काचेच्या टीव्हीवर चौकटीमागे लपायची. ताणू नका. तेवढ्या रेघांवर काळी पट्टी चढवा. डोळ्यांनाही बरं आणि एन्कोडरलाही, कारण ती नाचणारी पट्टी फुकटचे बिट खाते.

बिटचं नाव निघालंच आहे तर अक्षतांकडे वळू. डीव्हीडीवरचं चित्र एमपेग दोन पद्धतीने दाबलेलं असतं. काही फ्रेम पूर्ण लिहिल्या जातात आणि त्यांच्या मधल्या फ्रेममध्ये फक्त काय बदललं ते लिहिलं जातं. पालमध्ये हा गट जास्तीत जास्त १५ फ्रेमचा असतो. भटजी बसून मंत्र म्हणत आहेत, मागे भिंत आहे, तर बदल फारच थोडा आणि काम स्वस्तात होतं. पण ‘सावधान’ झालं, अंतरपाट बाजूला गेला आणि शंभर हातांतून अक्षता उडाल्या की प्रत्येक दाणा वेगळ्या दिशेला जातो. त्यात फोटोग्राफरचे फ्लॅश, म्हणजे एकेका फ्रेमपुरतं सगळं चित्र पांढरं. भर म्हणून जुन्या कॅसेटमधल्या मुंग्या, ज्या प्रत्येक फ्रेममध्ये नव्या जागी असतात. एन्कोडरच्या दृष्टीने चित्रातला प्रत्येक बिंदू बदललेला. बिट पुरत नाहीत, मग तो तपशील सोडून देतो आणि चौकोन उघडे पडतात. मिरवणुकीतला गुलाल आणि ढोलावर पडणाऱ्या टिपऱ्या हीच परीक्षा घेतात.

तुमचा हिशोब पाहा. ४.७ जीबीची डिस्क म्हणजे ४७० कोटी बाइट. संगणक तिला ४.३८ जीबी दाखवतो, त्यात फसवणूक काही नाही, मोजण्याची पद्धत वेगळी. एवढ्या जागेत अडीच तास बसवले तर चित्र आणि आवाज मिळून सेकंदाला सरासरी साधारण ४.२ मेगाबिट येतात. दोन तासांना ५.२ आणि दीड तासाला जवळपास ७. पूर्ण ७२० × ५७६ आकाराच्या, मुंग्यांनी भरलेल्या लग्नाला ४.२ पुरणं कठीण. माझं सरळ मत असं आहे की घरच्या चित्रणासाठी एका डिस्कवर दीड तासापेक्षा जास्त घेऊच नये. कोरी डिस्क स्वस्त आहे, आईच्या चेहऱ्यावर पडलेला चौकोन मात्र घरातल्या प्रत्येकाला दर वेळी दिसत राहतो.

तरी एकाच डिस्कवर हवंच असेल तर व्हीएचएससाठी एक चांगली वाट आहे, आणि ती फार कमी लोक वापरतात. डीव्हीडीच्या नियमांत पालसाठी ३५२ × ५७६ हा आकारही चालतो. व्हीएचएसचा आडवा तपशील मुळातच कमी, साधारण २४० रेघांचा. त्यामुळे रुंदी निम्मी केली तरी डोळ्याला दिसण्यासारखं फारसं काही जात नाही, आणि तेवढेच बिट निम्म्या बिंदूंवर खर्च होतात. उंची ५७६ च राहते, म्हणून दोन्ही फील्ड शाबूत राहतात. या आकारात ३ ते ३.५ मेगाबिटला लग्न स्वच्छ दिसतं. मुंजीची मिनी डीव्ही मात्र पूर्ण आकारात ठेवा, तिच्यात तपशील आहे. एन्कोड करताना व्हेरिएबल बिटरेट, दोन पासेस. पहिल्या फेरीत एन्कोडर कुठे अक्षता आहेत आणि कुठे नुसते मंत्र आहेत ते बघून ठेवतो, दुसऱ्या फेरीत त्याप्रमाणे वाटणी करतो. वेळ दुप्पट लागतो, लागू द्या. एन्कोड करण्याआधी हलकं नॉइज रिडक्शन दिलंत तर मुंग्यांवर जाणारे बिट वाचतात. मात्र हलकंच. जास्त दिलं की चेहरे मेणाचे होतात आणि पैठणीची जर सपाट पडते.

सॉफ्टवेअरचं विचारलंत म्हणून सांगतो: एन्कोडिंगला एचसीएन्क, ऑथरिंगला डीव्हीडीस्टायलर, बर्निंगला इमेजबर्न. तिन्ही फुकट आहेत आणि प्रत्येक टप्पा वेगळा राहिल्यामुळे दोष कुठे आला ते कळतं. एकाच बटणात सगळं करून देणारी सॉफ्टवेअर सोयीची खरी, पण फील्ड ऑर्डर आणि बिटरेट ती परस्पर ठरवतात आणि तुम्हाला सांगत नाहीत.

आता अडकणारी मिरवणूक. डीव्हीडी आतून बाहेर लिहिली जाते, म्हणजे चित्रणाचा शेवट डिस्कच्या बाहेरच्या कडेला येतो. काठोकाठ भरलेल्या डिस्कची बाहेरची कडा सगळ्यात नाजूक असते. तिथे रंगद्रव्याचा थर असमान असू शकतो, डिस्क किंचित वाकडी असली तर तिथेच जास्त डुलते, आणि बोटांचे ठसेही तिथेच. म्हणून ४.७ पैकी ४.३ जीबीच्या पुढे मी जात नाही. वेगाचं म्हणाल तर १६ एक्सच्या डिस्कला ८ एक्स हा चांगला मध्य आहे. सगळ्यात कमी वेग म्हणजे सगळ्यात चांगली डिस्क, हा समज आजच्या डिस्कना लागू होत नाही. त्या जलद लेखनासाठी बनवलेल्या असतात आणि फार हळू लिहिल्या तर कधी कधी जास्त चुका देतात. बर्न झाल्यावर इमेजबर्नमधलं व्हेरिफाय कधीही चुकवू नका. डिस्कवर कागदी स्टिकर चिकटवू नका, फिरताना तोल जातो. मऊ टोकाच्या डिस्क मार्करने वरच्या बाजूला लिहा.

पण तुमच्या तिन्ही डिस्क तिथेच अडकल्या. तेव्हा वर सांगितलेली सेकंदाची नोंद पाहा. तिन्ही डिस्कवर नेमक्या त्याच ढोलपथकाजवळ अडकत असेल, तर मला डिस्कपेक्षा बिटरेटच्या टोकाचा संशय जास्त येतो. डीव्हीडीच्या नियमात चित्राला सेकंदाला ९.८ मेगाबिट आणि आवाजासह सगळं मिळून १०.०८ ही मर्यादा आहे. छापील डिस्कवर प्लेअर ते पेलतो, घरी बर्न केलेल्या डिस्कचं परावर्तन कमी असल्यामुळे वाचायला जास्त कष्ट पडतात आणि गुलालाच्या क्षणी बिटरेट टोकाला गेला की दम लागतो. कमाल मर्यादा ८ ठेवा. आवाज पीसीएममध्ये, म्हणजे न दाबलेला, असेल तर तो एकटाच दीड मेगाबिट खातो, त्याऐवजी एसी थ्री या दाबलेल्या प्रकारात करा, १९२ किंवा २५६ किलोबिट पुरे. एवढ्याने अडकणं थांबलं तर डिस्क निर्दोष होत्या.

मोबाईलच्या चित्रणाचं आणखी एक. मोबाईल सेकंदाला साधारण ३० फ्रेम घेतो आणि तेही कमी-जास्त करत. पाल डिस्कसाठी त्यातल्या सेकंदाला पाच फ्रेम गळतात, म्हणून मिरवणूक हिसके देत चालते. आधी फ्रेमचा वेग स्थिर करून घ्या, आणि शक्यतो ही मिरवणूक वेगळ्या एनटीएससी (सेकंदाला सुमारे ३० फ्रेमच्या अमेरिकी पद्धतीच्या) डिस्कवर टाका. आपल्याकडे विकले गेलेले बहुतेक प्लेअर दोन्ही पद्धती वाजवतात. एका डिस्कवर मात्र पाल आणि एनटीएससी मिसळू नका. अमेरिकेतल्या मुलाने-मुलीने पाठवलेल्या जुन्या कॅसेट पुण्यात घरोघरी आहेत, त्यांनाही हेच लागू. त्या एनटीएससी असतात. इथला पाल डेक त्या वाजवतो खरा, पण मधलाच सिग्नल बाहेर देतो. टीव्ही तो समजून घेतो, कॅप्चर कार्ड गोंधळतं, मग चित्र काळंपांढरं येतं किंवा गडगडतं. त्यासाठी खरा एनटीएससी बाहेर देणारा डेक शोधावा लागतो.

शेवटी मूळ कॅसेट, कारण तिथे बिघडलेलं पुढे कुणी सुधारत नाही. चित्राचा वरचा भाग एका बाजूला वाकतो, उभ्या रेघा नागमोडी दिसतात, कॅप्चरमध्ये फ्रेम गळतात आणि आवाज हळूहळू ओठांपासून सुटतो, ही सगळी व्हीसीआरच्या डळमळीत सिग्नलची लक्षणं. त्यावर उपाय टाइम बेस करेक्टर, म्हणजे सिग्नलची डळमळीत वेळ नीट बसवणारी यंत्रणा. काही एस-व्हीएचएस (व्हीएचएसच्या वरच्या दर्जाच्या) डेकमध्ये ती आतच असते. नाहीतर जुना डीव्हीडी रेकॉर्डर मिळाला तर डेक त्याला जोडा आणि त्याच्या आउटपुटवरून कॅप्चर करा, अनेक मॉडेलमध्ये सिग्नल बराच ताळ्यावर येतो. स्वस्त यूएसबी कॅप्चर काडी थेट डेकला जोडून हे साधणं अवघड. कॅप्चर थेट एमपेगमध्ये करू नका. हफीयूव्हीसारख्या लॉसलेस, म्हणजे दर्जा न घटवणाऱ्या, कोडेकमध्ये घ्या, तासाला २५ ते ३५ जीबी जागा धरा. मिनी डीव्ही फायरवायर या केबलने घ्या. तिथे कॅप्चर म्हणजे नुसती डेटाची नक्कल, तासाला सुमारे १३ जीबी, दर्जात काही उतरत नाही. त्या कॅसेटमध्ये एक आड एक पट्टी चौकोनांनी भरलेली दिसली तर कॅमेऱ्याच्या दोनपैकी एक हेड मळलेलं आहे. एन्कोडरला दोष देऊ नका.

माळ्यावर पावसाळे काढलेल्या कॅसेटला बुरशी लागते. पुण्यात लॉ कॉलेज रोडवरचं, १९६४ साली स्थापन झालेलं राष्ट्रीय चित्रपट संग्रहालय रिळांसाठी थंड, कोरड्या जागेची काळजी घेतं. घरी निदान कपाटात, सिलिका जेलच्या पुड्यांसोबत, उभी ठेवून कॅसेट सांभाळता येते. खिडकीतून टेपच्या कडेवर पांढरी जाळी किंवा भुकटी दिसली तर ती कॅसेट डेकमध्ये घालू नका. बुरशी हेडला लागते आणि पुढच्या प्रत्येक कॅसेटला वाटली जाते. ती आधी हाताने किंवा वेगळ्या टाकाऊ डेकवर साफ करावी लागते, आणि जमत नसेल तर जाणत्याकडे द्यावी. निरोगी कॅसेटही कॅप्चरआधी एकदा पूर्ण पुढे आणि पूर्ण मागे गुंडाळून घ्या. हेड साफ करायला आयसोप्रोपिल अल्कोहोल आणि धागे न सुटणारं कापड, उदाहरणार्थ शॅमॉय. कापड स्थिर धरायचं आणि ड्रम हाताने हळू फिरवायचा, वर-खाली कधीही घासायचं नाही, हेडचं टोक तुटतं. कान कोरायची कापसाची काडी हेडला लावू नका. चांगला चालू डेक असेल तर जपा. फुनाई कंपनीने २०१६ साली उत्पादन थांबवल्यापासून नवा व्हीसीआर बनत नाही. पुण्यातल्या तपकीर गल्लीच्या इलेक्ट्रॉनिक्स बाजारात किंवा ओळखीत वापरलेला मिळतो, घेताना स्वतःची नव्हे, बिनमहत्त्वाची कॅसेट लावून पाहा.

तुमच्या बाबतीत क्रम असा ठेवा. आधी मुंजीची फील्ड ऑर्डर दुरुस्त करा, ती दहा मिनिटांची बाब आहे. मग लग्न ३५२ × ५७६ मध्ये दोन पासेसने पुन्हा एन्कोड करा. अक्षतांचा फक्त एक मिनिटाचा तुकडा आधी करून, पुन्हा लिहिता येणाऱ्या डिस्कवर टाकून टीव्हीवर पाहा, समाधान झालं तरच सगळं करा. लग्न आणि मुंज मिळून दीड-पावणेदोन तास एका पाल डिस्कवर, मिरवणूक दुसरीवर. आणि लॉसलेस फाइली डीव्हीडी झाल्या म्हणून पुसू नका, दोन वेगळ्या हार्ड डिस्कवर ठेवा. त्यातली एक दुसऱ्या घरी, बहिणीकडे किंवा काकांकडे ठेवलीत तर उत्तम. डीव्हीडी वाजवणारा प्लेअर घरात उरला नाही, तरी त्या फाइलींवरून पुढे जे लागेल ते करता येईल. कॅसेटही टाकू नका.